ड्रॅव्हे उंदरांच्या स्लाईसमध्ये पीव्ही पेशी लवकर दम टाकतात: दोष जनुकाचा की स्लाईसचा?

निषाद (धागा)

मेंदूच्या ताज्या स्लाईसवर पॅच-क्लॅम्प (काचेची बारीक नळी, म्हणजे पिपेट, पेशीला चिकटवून तिची वीज मोजणं) करणाऱ्यांची मदत हवी आहे. मॉडेल ड्रॅव्हे सिंड्रोमचं, म्हणजे एससीएन१ए जनुकाची एक प्रत निकामी असलेला उंदीर.

विषय नवा असणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात. हा अपस्माराचा एक अवघड प्रकार. शार्लोट ड्रॅव्हे यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. बाळाच्या पहिल्या वर्षात तापाबरोबर लांबलचक झटके येतात आणि पुढे विकास रेंगाळतो. बहुतेक रुग्णांत एससीएन१ए बिघडलेलं असतं, हे २००१ पासून कळत गेलं. एनएव्ही १.१ हे सोडियम चॅनेल या जनुकावरून बनतं. सोडियम चॅनेल कमी झालं तर पेशी शांत व्हायला हवी, मग झटके का येतात? उत्तर २००६ मध्ये उंदरांवरच्या कामातून मिळालं: सोडियम करंट घटतो तो इंटरन्यूरॉनमध्ये (इतर पेशींना आवर घालणाऱ्या), पिरॅमिडल पेशींमध्ये (इतरांना चेतवणाऱ्या) नाही. म्हणजे गाडीचं इंजिन तसंच राहतं आणि ब्रेक ढिले होतात.

अडचण अशी: म्युटंटमधल्या पीव्ही पेशी (पार्व्हाल्ब्युमिन असलेल्या, वेगाने फायर होणाऱ्या) साधारण ३०० पिकोअँपिअर करंटच्या पुढे स्पाईक (पेशीचे विजेचे ठोके) गाळायला लागतात. स्पाईकची उंची घसरत जाते आणि शेवटी डिपोलरायझेशन ब्लॉक येतो (करंट चालू असूनही फायरिंग थांबतं). पण त्यांच्या निरोगी भावंडांतल्याही बऱ्याच पेशी हेच करतात, त्यामुळे दोन गटांतला फरक पुसट होतो.

मांडणी: वय पी१८ ते पी२१ (जन्मानंतर १८ ते २१ दिवस). पीव्ही-क्री आणि टीडीटोमॅटो, म्हणजे पेशी लाल दिसतात. सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्सचा थर २/३, स्लाईस ३०० मायक्रॉन, सुक्रोजच्या सोल्युशनमध्ये कापलेली. रेकॉर्डिंग खोलीच्या तापमानाला. पिपेट ६-७ मेगाओहम, सॅम्पलिंग १० किलोहर्ट्झ, फिल्टर २ किलोहर्ट्झ. सुरुवात कुठून करू?

---

गिगाओहम

जनुकाकडे वळण्याआधी स्लाईस तपासा. पीव्ही पेशी ऊर्जेच्या बाबतीत फार खर्चिक असतात. सेकंदाला शंभरावर स्पाईक काढायचे तर सोडियम-पोटॅशियम पंप सतत चालवावा लागतो, आणि त्याला ऑक्सिजन लागतो. स्लाईस थोडी जरी गुदमरली तरी पिरॅमिडल पेशी ठणठणीत दिसतात आणि पीव्ही पेशी आधी मान टाकतात. म्हणजे वाईट स्लाईस हुबेहूब तुमच्या आजारासारखी दिसते. या मॉडेलमधला सगळ्यात मोठा सापळा हाच आहे.

चाळीस पटीच्या वॉटर-इमर्शन लेन्सखाली आयआर-डीआयसीमध्ये (इन्फ्रारेड प्रकाशात न रंगवलेल्या पेशी दाखवणारी पद्धत) आधी लाल रंग बंद ठेवून बघा. निरोगी पेशीची कड मऊ, कॉन्ट्रास्ट कमी, न्यूक्लियस जवळजवळ दिसत नाही. पेशी फुगलेली आणि मधला गोल न्यूक्लियस ठसठशीत दिसला तर ती गेलेली. काळपट, आक्रसलेली आणि कड चकाकणारी असेल तर तीही सोडा. वरचे २०-३० मायक्रॉन पात्याने मारलेलेच असतात, त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. ४० ते ८० मायक्रॉन खोलीवरही फुगलेल्या पेशीच जास्त दिसत असतील तर त्या दिवशी रेकॉर्डिंग करण्यात अर्थ नाही.

कापण्यात बिघडणाऱ्या गोष्टी, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

पातं वर-खाली थरथरणं. व्हायब्रेटोमचं (स्लाईस कापण्याच्या यंत्राचं) पातं आडवं हलायला हवं, उभं नाही. उभी थरथर १ मायक्रॉनच्या आत हवी. मोजायची सोय असलेल्या मशीनवर पातं बदललं की दर वेळी मोजा. आडवा झोका साधारण १ मिलिमीटर, पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. घाईने वेग वाढवला की पातं कापत नाही, ढकलतं. कॉर्टेक्सचा वरचा थर दबतो आणि तुमचा थर २/३ नेमका तिथेच आहे.

पात्यावरचं तेल. स्टीलच्या ब्लेडला कारखान्यातून तेलाचा हात असतो. इथेनॉलने पुसून, मग शुद्ध पाण्याने धुऊन लावा.

चिकटवणं. फेविक्विकचा अगदी पातळ थर द्या. ठिपका मोठा झाला तर ते मेंदूच्या कडेने वर चढून पांढरं कडक होतं आणि पातं त्यावर उड्या मारतं. मागे ४ टक्के अगारचा ठोकळा टेकवला की मेंदू मागे कलत नाही.

वेळ. पी१८ च्या पुढे मेंदू काढण्याआधी, भूल पूर्ण चढल्यावर, हृदयातून बर्फगार कटिंग सोल्युशन सोडणं फायद्याचं. यकृत फिकट पडलं की रक्त निघालं असं समजायचं. हा टप्पा नवा जोडत असाल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीत तो लिहिलेला हवा. नसेल तर दुरुस्ती आधी मंजूर करून घ्या.

आणखी एक. फॉर्मॅल्डिहाइडला लागलेलं एकही साधन स्लाईसच्या टेबलावर येता कामा नये. चिमटा, ब्रश, ट्रे, सुई, काहीही. ज्या लॅबमध्ये हिस्टॉलॉजी आणि स्लाईस एकाच सिंकवर चालतात, तिथे आठवडेच्या आठवडे 'स्लाईस का मरतात' हे कोडं सुटत नाही. वेगळा संच, वेगळा रंगीत टेप, वेगळं कपाट.

---

खारेपाणी

सोल्युशनबद्दल मी लिहिते.

रेकॉर्डिंगचं एसीएसएफ (मेंदूभोवतीच्या द्रवासारखं कृत्रिम सोल्युशन), १ लिटरसाठी: सोडियम क्लोराईड ७.३१ ग्रॅम (१२५ मिलिमोलर), पोटॅशियम क्लोराईड ०.१८६ ग्रॅम (२.५), सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट निर्जल ०.१५० ग्रॅम (१.२५, मोनोहायड्रेट असेल तर ०.१७२ ग्रॅम), सोडियम बायकार्बोनेट २.१० ग्रॅम (२५), ग्लुकोज १.८० ग्रॅम (१०). हे विरघळल्यावर ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे किमान १५-२० मिनिटं. त्यानंतरच १ मोलर कॅल्शियम क्लोराईडचे २ मिली आणि १ मोलर मॅग्नेशियम क्लोराईडचा १ मिली, ढवळत ढवळत.

हा क्रम मोडायचा नाही. गॅस नसताना बायकार्बोनेटचं पाणी अल्कली होत जातं, आणि अशा पाण्यात कॅल्शियम टाकलं की कार्बोनेट-फॉस्फेटचा पांढुरका साका बसतो. साका अगदी बारीक असेल तर डोळ्यांना दिसतही नाही, पण मोकळं कॅल्शियम घटलेलं असतं आणि पेशी विनाकारण चिडचिड्या होतात. बाटली उजेडासमोर धरून बघा. जराही धुरकट वाटली तर ओतून द्या, गाळून वापरू नका.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराईड कोरडं तोलू नका, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात. पुण्या-मुंबईत जुलैमध्ये उघडी बाटली ओल धरते. तुम्ही मीठ समजून पाणी तोलता आणि दर आठवड्याला वेगळं एसीएसएफ बनतं. तयार १ मोलर स्टॉक घ्या.

ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसीएसएफ ३०० ते ३१० मिलिऑस्मोल, पिपेटमधलं सोल्युशन त्याहून १० ते २० ने कमी. आतलं जास्त झालं तर पेशी डोळ्यांदेखत फुगते. ऑस्मोमीटरला रोज प्रमाणित द्रावण दाखवा.

कापण्यासाठी सुक्रोजचं सोल्युशन वाईट नाही: सोडियम क्लोराईड ८७, सुक्रोज ७५, पोटॅशियम क्लोराईड २.५, फॉस्फेट १.२५, बायकार्बोनेट २५, ग्लुकोज २५, कॅल्शियम ०.५, मॅग्नेशियम ७ मिलिमोलर. सोडियम आणि कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरपूर, म्हणजे कापताना पेशी ग्लुटामेटने स्वतःला जाळून घेत नाहीत. पी२१ पर्यंत हे पुरतं. त्यापुढच्या वयाला एनएमडीजीवर (सोडियमच्या जागी वापरायचा पदार्थ) जा.

पिपेटमध्ये: पोटॅशियम ग्लुकोनेट १२०, पोटॅशियम क्लोराईड १०, हेपेस १०, ईजीटीए ०.२, मॅग्नेशियम एटीपी ४, सोडियम जीटीपी ०.३, फॉस्फोक्रिएटिन डायसोडियम १० मिलिमोलर. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.२५, ऑस्मोलॅरिटी २९० च्या आसपास. ०.२२ मायक्रॉनने गाळून छोटे भाग करून गोठवा. वितळवलेला भाग दिवसभर बर्फावर ठेवा आणि संध्याकाळी टाकून द्या, परत गोठवू नका. एटीपी तुटलेलं असलं की पीव्ही पेशी पहिल्या पाच मिनिटांत छान फायर होते आणि मग कोसळते. तुमच्या निरोगी भावंडांत हेच चालू असण्याची शक्यता मला बरीच वाटते. एकाच पेशीवर तीच करंट-स्टेपची मालिका तिसऱ्या आणि बाराव्या मिनिटाला चालवून ताडून बघा.

---

चौकट

वरचं सगळं बरोबर आहे, पण निषाद, तुमच्या मांडणीत स्लाईसच्या आधी मला तीन गोष्टी खटकल्या.

तापमान. खोलीच्या तापमानाला पीव्ही पेशीचा स्पाईक रुंद होतो आणि कमाल वेग निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. सोडियम चॅनेल इनॅक्टिव्हेशनमधून सावरायला जास्त वेळ घेतात, म्हणजे निरोगी पेशीही म्युटंटसारखी वागते. ३२ ते ३४ अंशांवर या. फक्त इनलाईन हीटर लावला तर थंड पाण्यात विरघळलेला गॅस बाहेर पडून चेंबरमध्ये बुडबुडे येतात, म्हणून वरची बाटलीही कोमट ठेवा. थर्मिस्टर स्लाईसच्या शेजारी हवा, पाणी आत शिरतं त्या तोंडाशी नको. प्रवाह मिनिटाला २-३ मिली. आणि नळी सिलिकॉनची असेल तर बदला. सिलिकॉनमधून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही वाटेतच निसटतात. टेफ्लॉन किंवा टायगॉन वापरा.

सॅम्पलिंग. ३४ अंशांवर पीव्ही स्पाईकची अर्ध्या उंचीवरची रुंदी साधारण ०.३ मिलिसेकंद. १० किलोहर्ट्झला त्यात तीनच बिंदू पडतात. त्यावर २ किलोहर्ट्झचा फिल्टर म्हणजे शिखर कापून टाकणं. 'स्पाईकची उंची घसरते' या तुमच्या निरीक्षणातला काही भाग त्या फिल्टरचा आहे. सॅम्पलिंग ५० किलोहर्ट्झ, फिल्टर १० किलोहर्ट्झ करा.

पिपेट आणि सिरीज रेझिस्टन्स. ६-७ मेगाओहमच्या पिपेटने पेशीचा पडदा फोडल्यावर सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यातला विजेचा अडथळा) २५-३० मेगाओहम सहज होतो. करंट-क्लॅम्पमध्ये पेशीला करंट पूर्ण मिळतो, ते खरं. पण दोन गोष्टी बिघडतात. ३०० पिकोअँपिअर गुणिले २५ मेगाओहम म्हणजे ७.५ मिलिव्होल्टची खोटी भर, ती ब्रिज बॅलन्सने काढायची. आणि २५ मेगाओहम गुणिले ५ पिकोफॅरड पिपेट कपॅसिटन्स म्हणजे ०.१२५ मिलिसेकंदाचा आपोआप लागलेला फिल्टर. ०.३ मिलिसेकंदाच्या स्पाईकला तो भारी पडतो. कपॅसिटन्स न्यूट्रलायझेशन हळूहळू वाढवत न्या. रेष किणकिणायला लागली की थोडं मागे या, कारण तिथेच अडून राहिलात तर ऑसिलेशनने पेशी मरते. चेंबरमधली पाण्याची पातळी कमी ठेवली तरी कपॅसिटन्स उतरतो.

पिपेट ३ ते ४ मेगाओहमची ओढा: बोरोसिलिकेट, आत फिलामेंट असलेली, १.५ मिमी बाहेरचा व्यास, ०.८६ आतला. सील (पिपेट आणि पेशीच्या पडद्यातला घट्ट जोड) १ गिगाओहमच्या वर गेल्याशिवाय फोडू नका. फोडल्यावर व्होल्टेज-क्लॅम्पमध्ये ५ मिलिव्होल्टची पायरी द्या. शिखर करंट ३३३ पिकोअँपिअर असेल तर सिरीज १५ मेगाओहम. मर्यादा २० ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी २० टक्क्यांहून जास्त सरकलेली पेशी बाद.

अँप्लिफायरही बघा. व्होल्टेज-क्लॅम्पसाठी बनलेल्या काही जुन्या अँप्लिफायरचा करंट-क्लॅम्प वेगवान स्पाईकचा आकार मोडतो. खरा व्होल्टेज-फॉलोअर असलेलं हेडस्टेज या कामाला हवं.

लिक्विड जंक्शन पोटेन्शियलही (दोन वेगळी सोल्युशन भेटतात तिथला व्होल्टेजचा फरक) लिहून ठेवा. पोटॅशियम ग्लुकोनेटला ते साधारण १३ ते १५ मिलिव्होल्ट येतं. पडद्यावर उणे ६५ दिसलं तर खरं उणे ७९ च्या आसपास. दुरुस्ती करा अथवा करू नका, पण सगळ्या पेशींना एकच नियम लावा आणि पेपरमध्ये सांगा.

---

मृण्मयी

तांत्रिक बाजू सावरल्यावरही फरक पुसट राहू शकतो. त्याचं कारण वंश आणि वय.

हेच म्युटेशन १२९ जातीच्या उंदरात सौम्य असतं आणि सी५७ बीएल/६ ची सरमिसळ झाली की जहाल होतं. पीव्ही-क्री आणि टीडीटोमॅटोच्या वसाहती बहुतेक ठिकाणी बीएल/६ वर असतात. त्यामुळे तिहेरी क्रॉस करताना पिढीगणिक जातीचं प्रमाण बदलत जातं आणि दर विणीत आजाराची तीव्रता वेगळी येते. सोपा मार्ग: म्युटेशन शुद्ध १२९ वर सांभाळायचं; पीव्ही-क्री आणि टीडीटोमॅटो दोन्ही होमोझायगस (दोन्ही प्रतींत) असलेली बीएल/६ वसाहत वेगळी ठेवायची; प्रयोगाला फक्त या दोघांची पहिली पिढी वापरायची. मग प्रत्येक पिल्लू निम्मं-निम्मं, सगळ्यांना क्री आणि रंग एकेकच प्रत, आणि निम्मी पिल्लं म्युटंट. जीनोटायपिंगही एकाच जनुकाचं करावं लागतं.

आता वय. पीव्ही पेशींतला हा दोष कायमचा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पी१८ ते पी२१ ला कॉर्टेक्समधल्या पीव्ही पेशींचं फायरिंग घटलेलं होतं आणि पी३५ पर्यंत ते निरोगी भावंडांच्या पातळीला आलेलं होतं, जनावर मात्र अपस्मारीच राहिलं. म्हणजे तुमची खिडकी बरोबर आहे, पण पी१८ आणि पी२१ एका ढिगात टाकू नका. वय दिवसांत नोंदवा आणि रोज म्युटंटबरोबर त्याच विणीतलं निरोगी भावंडही घ्या.

हे मॉडेल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक मरतं. पुढच्या वयाचं रेकॉर्डिंग म्हणजे वाचलेल्यांचंच रेकॉर्डिंग. त्यांच्या पेशी बऱ्या दिसल्या तर पेशी सावरल्या की बऱ्या पेशींची जनावरंच उरली, हे फायरिंगच्या आलेखावरून कळत नाही. वसाहतीतल्या मृत्यूंची तारीखवार नोंद ठेवा आणि ती पेपरमध्ये द्या. ही नोंद देण्यात बरेच जण कुचराई करतात, ते मला पटत नाही.

---

अनुस्वार

प्रयोगशाळेबाहेरचा प्रश्न, चालेल का? झटक्यांची बरीच औषधं सोडियम चॅनेल अडवतात. या मुलांत चॅनेल आधीच कमी. मग ती औषधं दिल्यावर काय होतं?

---

मृण्मयी

चालेल की! कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही त्या गटातली. ड्रॅव्हेमध्ये ती रोज दिली तर झटके वाढू शकतात, म्हणून टाळली जातात. ही औषधं वेगाने फायर होणाऱ्या पेशीतल्या चॅनेलवर जास्त पकड घेतात, आणि निरोगी मेंदूत सर्वाधिक वेगाने फायर होणाऱ्यांत पीव्ही पेशी येतात. वापरात असतात ती व्हॅल्प्रोएट, क्लोबाझॅम आणि स्टिरिपेन्टॉल. अमेरिकेत कॅनाबिडिऑलला २०१८ मध्ये आणि फेनफ्लुरामिनला २०२० मध्ये या आजारासाठी परवानगी मिळाली. कोणाच्या मुलाला सोडियम चॅनेल अडवणारं औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, अचानक थांबवल्याने झटक्यांची रांग लागू शकते. न्यूरॉलॉजिस्टशी बोलून, जनुकाची तपासणी झाली आहे का ते विचारून, मगच बदल.

---

निषाद

सगळ्यांचे आभार. तापमान, फिल्टर आणि पिपेट लगेच बदलते आहे. पुढे पी३५ ही करायचं आहे. एनएमडीजीमध्ये स्लाईस किती वेळ ठेवायची? कोणी १० मिनिटं सांगतं, कोणी अर्धा तास.

---

खारेपाणी

३२-३४ अंशांवर १० ते १२ मिनिटं, बस. सोडियम बरंच कमी असल्याने पेशी फुगत नाहीत हा फायदा सुरुवातीच्या काही मिनिटांपुरताच असतो. जास्त ठेवली तर पेशींचा पडदा ताठर होतो, सील लागतं पण फुटत नाही. मग भरपूर सोडियम असलेल्या हेपेसच्या सोल्युशनमध्ये खोलीच्या तापमानाला तासभर, आणि त्यानंतर रेकॉर्डिंग.

प्रमाण: एनएमडीजी ९२, पोटॅशियम क्लोराईड २.५, फॉस्फेट १.२५, बायकार्बोनेट ३०, हेपेस २०, ग्लुकोज २५, सोडियम अॅस्कॉर्बेट ५, थायोयुरिया २, सोडियम पायरुव्हेट ३, मॅग्नेशियम सल्फेट १०, कॅल्शियम क्लोराईड ०.५. एनएमडीजी स्वतः जबरदस्त अल्कली आहे. आधी ते पाण्यात विरघळवून संहत हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.३-७.४ च्या जवळ आणा, मग बाकीचं टाका, मॅग्नेशियम-कॅल्शियम अगदी शेवटी. उलट केलं तर भांड्यात दूध दिसेल. थायोयुरिया विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते पाणी सिंकमध्ये ओतू नका.

---

गिगाओहम

पी३५ ला मायलिन (तंतूंवरचं मेदाचं आवरण) आड येतं. पेशी अंधुक दिसतात, त्यामुळे पिपेटच्या टोकाचा दाब थोडा जास्त ठेवावा लागतो. पेशीवर खळगा दिसला की लगेच दाब सोडा. तिथे एका सेकंदाचा उशीर झाला तरी सील ढिसाळ लागतं. एकाच पिपेटने दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका, टोकावर पहिल्या पेशीचा पडदा राहतो.

---

चौकट

विश्लेषणाचं राहिलं. रेकॉर्ड करणाऱ्याला जीनोटाईप माहीत नसावा. शेपटीचे तुकडे दुसऱ्या कोणीतरी सांकेतिक क्रमांकाने ठेवायचे आणि बाद करण्याचे नियम आधी लिहून मगच कोड उघडायचा. हे नियम असे: सिरीज २० मेगाओहमच्या वर, उणे ७० मिलिव्होल्टला धरून ठेवायला १०० पिकोअँपिअरहून जास्त करंट, पहिल्या स्पाईकचं शिखर शून्याच्या वर न जाणं, बारा मिनिटांत फायरिंग २० टक्क्यांनी उतरणं. किती पेशी कुठल्या नियमाने गेल्या ते दोन्ही गटांसाठी वेगवेगळं मोजा. म्युटंट गटातून जास्त पेशी बाद होत असतील तर ती स्वतंत्र नोंद आहे, झाकू नका.

एका उंदरातल्या १२ पेशी म्हणजे १२ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एका जनावरातून ३-४ पेशी आणि जनावरं जास्त घ्या. मिश्र परिणामांच्या मॉडेलमध्ये उंदीर हा यादृच्छिक घटक ठेवा, आणि शक्य असेल तर वीणही. करंट-फ्रिक्वेन्सीचा आलेख प्रत्येक पेशीचा वेगळा काढून बघा, कारण सरासरीत ब्लॉक दिसत नाही: अर्ध्या पेशी ४०० ला थांबल्या आणि अर्ध्या ६०० पर्यंत गेल्या, तर सरासरी रेष नुसती सपाट होते आणि 'कमाल वेग कमी' असं चुकीचं वाचलं जातं. ब्लॉक कुठल्या करंटला आला हा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. शिवाय पहिल्या स्पाईकच्या चढाचा कमाल वेग, मिलिव्होल्ट प्रति मिलिसेकंद, काढा. तो सोडियम करंटच्या सर्वात जवळ जातो आणि स्लाईस दिवसभरात थकली तरी विसाव्या स्पाईकच्या उंचीइतका हलत नाही.